वास्कोचा कोळसा, मुलाचा ऑटिझम आणि दुसऱ्या बाळाचा विचार

मोगरी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मुलगा साडेतीन वर्षांचा. गणेश चवथीनंतर ऑटिझमचं निदान झालं. निदानाबद्दल शंका नाही, दोन ठिकाणी दाखवलं, दोघांचं मत एकच पडलं, थेरपी सुरू आहे, थोडंथोडं बोलायला लागलाय. पहिला नीट शब्द "फेरी", म्हणजे फेरीबोट. आईचा नंबर अजून लागायचाय, चालेल.

माझा प्रश्न वेगळाय. आम्ही गोव्यात वास्कोला राहतो, कोळसा उतरतो त्या बंदराच्या बाजूला. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते, सकाळी खिडकीचं ग्रिल पुसलं की संध्याकाळी त्यावर बोट फिरवा, बोट काळं. बाल्कनीत पांढरे कपडे वाळत घालणं कधीच बंद केलं. त्याच्या वेळी नऊच्या नऊ महिने मी इथेच होते. आता घरात दुसऱ्या बाळाचा विषय निघालाय. नवरा म्हणतो कोळशामुळेच झालं, फोंड्याला भाड्याने जाऊया. सासूबाई म्हणतात ग्रहणात तू भाजी चिरलीस. नणंद म्हणते मोबाईल. माझी आई म्हणते लस. शेजारीण म्हणते पोटुशी असताना रोज मासे खाल्लेस. कारणं सगळ्यांची वेगवेगळी, पण आरोपी मीच :)

तर हवा, पाणी, औषधं, खाणं, यातल्या कशाने खरंच ऑटिझम होतो का? आणि घर बदलण्याइतकं त्यात तथ्य आहे का? लिंका फेकू नका प्लीज, माणसासारखं सांगा.

तिरफळ
पयलो! जाणकारांच्या प्रतीक्षेत. माझ्या वेळी आईने ग्रहणात नारळ फोडून, खवून, वाटून अख्खं हुमण (माशांची आमटी) केलं होतं. माझं फक्त टक्कल पडलं, तेही चाळिशीत.

पुण्याचा_पाहुणा
वाचनखूण साठवली.

ओपीडीनंतर
मोगरीताई, मी बालरोगवाला आहे. इथे कोणाचं निदान करत नाही, फक्त माहिती देतो. लांबण लागणार आहे.

ऑटिझममध्ये अनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे आता नक्की. १९७७ साली ब्रिटनमध्ये जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. हुबेहूब जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम निघाला, आणि साध्या जुळ्यांच्या १० जोड्यांत असं एकदाही नाही. अभ्यास छोटा, पण पुढे मोठे झाले. २०१९ मध्ये डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया मिळून वीस लाखांवर मुलांचा हिशोब मांडला तेव्हा अनुवंशिकतेचा वाटा साधारण ८० टक्के आला. हे वाचून "तुझ्याकडचं की माझ्याकडचं" असं घरात सुरू करू नका. शेकडो जनुकांचा संबंध आहे, आणि काही बदल तर आईबापात नसतातच, बीजात नव्याने होतात.

उरलेल्याला आम्ही पर्यावरण म्हणतो, पण त्यात फक्त धूर आणि पाणी नाही. जनुकं सोडून बाकी सगळं त्यात येतं. बाळ किती आठवड्यांचं जन्मलं, जन्मताना गुदमरलं का, आईला गर्भारपणात साखर होती का, मोठं इन्फेक्शन झालं का, कुठली गोळी चालू होती, आईबाबांची वयं काय. यातल्या बऱ्याच गोष्टी जन्माच्या आधीच्या आहेत. थॅलिडोमाइड नावाचं उलटीवरचं औषध ऐकलं असेल, त्याने हातपाय नसलेली मुलं जन्मली. स्वीडनमध्ये त्यातली मोठी झालेली माणसं तपासली तर काहींना ऑटिझम होता, आणि त्यांच्या आयांनी ते औषध गर्भ राहिल्यापासून साधारण २० ते २४ व्या दिवशी घेतलेलं. म्हणजे पाळी चुकलीय की काय असं बाईच्या मनात येतंय तेवढ्यात. तेव्हा दोन वर्षांच्या पोराच्या हातातला मोबाईल शोधत बसण्यात अर्थ नाही.

भाजीने काही होत नाही. हवेचं नंतर लिहितो, पेशंट आलाय.

खाजन_राखणदार
डॉक्टर हवेवर आले आणि पेशंट आला, काय योगायोग :D (हलकेच घ्या)

मी लिहितो मग. मोगरीताई, तुझ्या नवऱ्याचं चुकत नाही. २०११ चा कॅलिफोर्नियाचा अभ्यास आहे, बाळ जन्मलं तेव्हा ज्यांचं घर हायवेपासून ३०९ मीटरच्या आत होतं त्या मुलांत ऑटिझमची शक्यता ८६ टक्के जास्त. नंतर अमेरिकेतल्या नर्सबायांच्या मोठ्या पाहणीत पण सापडलं, बारीक धुळीचा संबंध गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांशी जास्त. आणि आमच्याकडे काय? वास्कोत कोळसा, डिचोली सांगेत खाणीची लाल माती, रस्त्याकडेच्या माडांची झावळं तांबडी झालेली सगळ्यांनी बघितलीत. २०१२ ला खाणी बंद झाल्या, परत चालू झाल्या, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने परत बंद केल्या, एवढ्या काळात पोटातल्या बाळांचं काय झालं कोणी मोजलं? कोणीच नाही. मोजलंच नाही की पुरावा नाही, आणि पुरावा नाही की सगळं आलबेल.

गणित_मास्तर
राखणदार, तुमच्या तळमळीला सलाम, पण "८६ टक्के जास्त" हे असं एकटं सोडू नका, घाबरून जातं माणूस.

समजा शंभरात एका मुलाला ऑटिझम आहे. ८६ टक्के जास्त म्हणजे शंभरात दोनालाही कमी. बाकीच्या अठ्ठ्याण्णवांच्या आया त्याच हायवेला राहत होत्या. शिवाय हायवेला चिकटून कोण राहतं, त्यांचं उत्पन्न काय, डॉक्टरकडे कोण जातं, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं, अभ्यासक वजा करायचा प्रयत्न करतात, पूर्ण वजा होत नाही.

आणि एक, हे अभ्यास बहुतेक जळणाच्या धुरातल्या २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांवर आहेत. बोटाला काळी लागते ती कोळशाची भुकटी बरीचशी जाड असते. ती छातीला वाईट, दमेकऱ्याला वाईट, पण धुराचे आकडे तिला जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

खाजन_राखणदार
मास्तर, एका घराचा धोका लहान हे कबूल, पण वास्कोत हजारो घरं आहेत. प्रत्येकाचा जरा जरा वाढला की गावाचा मिळून किती होतो ते पण तुमच्याच गणितात येतं ना? घर बदलता येतं ते चार पैसेवाल्याला. बायणाच्या खोलीत राहणारी बाई कुठे जाणार, फोंड्याला?

गणित_मास्तर
हे मान्य. गावासाठी प्रश्न वेगळा आणि मोगरीताईंसाठी वेगळा. एवढंच म्हणतोय की त्यांचं उत्तर गावाच्या आकड्यातून काढू नका.

नैसर्गिक_नाना
सगळे हवेच्या मागे लागलेत, लसीचं कोणी बोलत नाही. माझ्या मित्राचा मुलगा छान बोलत होता, लस दिली, महिन्याभरात गप्प. हा पण योगायोग का?

तिरफळ
आला! मी म्हणत होतो अजून कसा नाही आला.

सत्तरीची_सून
नाना, मी प्राथमिक शिक्षिका आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली ती पहिल्या टप्प्यात ज्या भागांत आली त्यात गोवा होतं, कर्नाटक, तामिळनाडू, पुदुच्चेरी, लक्षद्वीप यांच्यासोबत. नऊ महिने ते पंधरा वर्षं. आमच्या शाळेत आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर असलंच काहीतरी फिरलं आणि सकाळी अर्धा वर्ग गैरहजर. मी आणि आमची आशाताई घराघरात गेलो. एक आजोबा दाराला आडवे उभे, पोरगी आतून पडद्याआडून बघतेय, आजोबा म्हणतात बाई तुम्ही सही करून द्या काही झालं तर जबाबदार मी म्हणून. मी म्हटलं आणा कागद. मग हसले आणि पोरीला चप्पल घालायला सांगितली. कागद काही आणला नाही.

ओपीडीनंतर
आलो परत. राखणदार, पेशंटला उलट्या होत होत्या, तुमच्या संशयाला औषध नाही माझ्याकडे :)

नाना, तुमच्या मित्राचं दुःख खरं आहे. पण काही मुलांत आलेले शब्द साधारण सव्वा-दीड वर्षाच्या सुमाराला जातात, आणि गोवराच्या लसी त्याच काळात असतात. म्हणून तर लाखो मुलं घेऊन तपासावं लागतं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांचा अभ्यास २०१९ ला आला, एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमचा फरक नाही. जपानने १९९३ ला एमएमआर थांबवली, योकोहामात ऑटिझमची निदानं तरी वाढतच गेली. वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरच्या ज्या पेपरमुळे ही लसीची भीती सुरू झाली त्यात मुलं होती बारा. १९९८ ला छापलेला तो पेपर लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाने २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या मेडिकल कौन्सिलने त्याचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढलं.

आणि गंमत सांगू का, गर्भारपणात रुबेला होणं हे ऑटिझमचं नक्की माहीत असलेलं बाहेरचं कारण आहे. १९६४ च्या अमेरिकेतल्या साथीनंतर न्यूयॉर्कमध्ये अशी २४३ मुलं तपासली होती, त्यांच्यात ऑटिझमचं प्रमाण नेहमीपेक्षा कितीतरी पट निघालं. म्हणजे सत्तरीच्या सूनबाईंनी चप्पल घालायला लावलेली ती पोरगी उद्या आई होईल तेव्हा तिच्या बाळाचा तेवढा धोका टळलेला असेल.

नैसर्गिक_नाना
तुमचे अभ्यास तुमच्यापाशी. मी माझं मत मांडलं.

बांगडा_हुमण
माशांचं कोणी बोलेना म्हणून आलो, हा माझा जिव्हाळ्याचा विषय. शेजारणीला सांगा, सेशेल्स बेटांवर बायका आमच्यापेक्षा जास्त मासे खातात, आणि तिथे आईच्या केसांतला पारा मोजून मुलांवर कितीतरी वर्षं लक्ष ठेवलं. २०१३ मध्ये आलं, जास्त पारा असलेल्या आयांच्या मुलांत ऑटिझमची लक्षणं जास्त नव्हती. मोठा शिकारी मासा, म्हणजे मोरीसारखा (शार्क), पोटुशी बाईने टाळावा हे बरोबर, त्यात पारा साठतो. पण बांगडे, तारले, वेळयो खुशाल. गोव्यात बाईला नऊ महिने नुस्त्याशिवाय ठेवायचं म्हणजे नवऱ्यालाच धोका.

ओपीडीनंतर
+१. मासे बंद करायला मी कोणाला सांगत नाही.

निळी_छत्री
मला एक लिहायचंय, कारण इथे गोळ्यांचं ओझरतं आलं. मला लग्नाआधीपासून फिट्स येतात, सोडियम व्हॅल्प्रोएट चालू होतं. लग्न ठरलं, झालं, माझ्या तेव्हाच्या डॉक्टरांनी एका शब्दाने विचारलं नाही की मूल हवंय का. वहिनी औषधाच्या दुकानात कामाला आहे, तिनेच पाकिटातला कागद वाचला आणि मला ओढत दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टकडे नेलं. त्यांनी हळूहळू औषध बदललं, मग आम्ही चान्स घेतला. मुलगी आता दुसरीत आहे. धुळीचा धोका एवढासा असेल तर ह्या गोळीचा त्याहून मोठा आहे, पण त्यावर कोणी धागे काढत नाही कारण फिट येते हे सांगायलाच लाजतात लोक.

ओपीडीनंतर
निळी_छत्री, फार महत्त्वाचं लिहिलंत. डेन्मार्कच्या २०१३ च्या अभ्यासात पोटात असताना व्हॅल्प्रोएट मिळालेल्या मुलांत ऑटिझम ४.४ टक्के, एरवी १.५ टक्के. शिवाय मणक्याचे दोष आणि बुद्धीवरचा परिणाम वेगळा. पण कोणी हे वाचून उद्या गोळी बंद करू नका, आधीच दिवस गेले असतील तरी मनाने नाही. फिट येऊन पडणं आई आणि बाळ दोघांच्या जिवावर येतं. बदलायची ती डॉक्टरने, सावकाश, आणि शक्यतो दिवस जाण्याआधी.

चोडणकर
अवांतर: "फेरी" हा पहिला शब्द?? ताई, एकदा रायबंदरला आणा बाळाला. आमच्या शेजारचा एक मुलगा, आता बारावीत आहे, लहानपणी रोज संध्याकाळी बाबांसोबत फेरीत बसून चोडण-रायबंदर-चोडण करायचा, उतरायचा नाहीच. फळी पाण्यातून वर येते आणि धक्क्यावर टेकते तो आवाज झाला की दोन्ही हात हलवून नाचायचा. खलाशी त्याला बघून मुद्दाम हळू टेकवायचे. आता नवीन रो-रो बोट आली तर चिडलाय, जुन्या फेरीचा आवाज बरा म्हणतो.

पुण्याचा_पाहुणा
ह्या मुलाशी मी सहमत आहे आणि मी रो-रो बघितलीही नाही.

मोगरी
चोडणकर, आणतेच. आमचापण फळीच बघतो! पाण्याकडे लक्ष नाही, फळीकडे.

पेडण्याचो_भाचो
धाग्यावर "आधी नव्हतं, आता वाढलं" कोणी म्हणायच्या आत लिहून ठेवतो. आमच्या आजोळी एक मामा होते, सख्खे नव्हेत, वाड्यावरचे सगळ्यांचे मामा. लग्न नाही, नोकरी नाही, कोणाच्या डोळ्यात बघून बोलत नसत, नवीन कपडा अंगाला लागला की रडत म्हणून बहीण आधी आठवडाभर धुऊन धुऊन मऊ करायची आणि मग द्यायची. पण कदंबची एकूण एक बस त्यांना पाठ. पेडणे-म्हापसा सोडा, मडगावहून कारवारला शेवटची किती वाजता आणि ती चुकली तर काय, सगळं. लोक पिसो म्हणायचे, म्हणजे वेडा, आणि वर त्यांनाच बसची वेळ विचारायचे. वारले त्याला बरीच वर्षं झाली. आज असते तर निदानाचा कागद झाला असता, तेव्हा कोणत्या यादीत ते नव्हतेच.

गणित_मास्तर
हेच. अमेरिकेत २००० साली आठ वर्षांच्या १५० मुलांत एक असा आकडा होता, २०२२ च्या पाहणीत ३१ मध्ये एक. यात व्याख्या रुंद झाली, शाळेत मदत मिळायला निदान लागू लागलं, मुलींत ओळखायला लागले, हे खूप आहे. म्हाताऱ्या होणाऱ्या आईबापांचा, जगणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा थोडा हिस्सा आहे. सगळी वाढ कोळशावर किंवा मोबाईलवर टाकता येत नाही.

आणि गोव्यातल्यांसाठी, भारतात पाच जागी घरोघर जाऊन मुलं तपासण्याचा मोठा अभ्यास झालेला, २०१८ ला छापून आला, त्यातली एक जागा उत्तर गोवा होती. पलवल, कांगडा, धेनकनाल, हैदराबाद आणि आपण. दोन ते नऊ वयाची चार हजारांच्या आसपास मुलं. आठातल्या साधारण एकाला विकासाची काही ना काही अडचण, ऑटिझम शंभरात एकाच्या जवळपास. आणि अशा अडचणींशी कशाचा संबंध दिसला? घरी बाळंतपण, जन्मताना गुदमरणं, कमी वजन, अपुरे दिवस, मेंदूचं इन्फेक्शन. राखणदार, कोणीच मोजलं नाही म्हणालात ना, धूळ नाही मोजली हे खरं, पण मुलं मोजली.

खाजन_राखणदार
उत्तर गोवा मोजला. वास्को दक्षिणेत येतं मास्तर :)

काजूबोंड
कीटकनाशकांचं राहिलं. कासारगोडला काजूच्या सरकारी बागांवर सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारलं, पोरांचे जे हाल झाले ते फोटो विसरता येत नाहीत. २०११ ला सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. ते सगळं ऑटिझम नव्हे, पण कॅलिफोर्नियात शेतांच्या जवळ राहिलेल्या गर्भार बायांच्या मुलांत ऑटिझम जास्त दिसलाय. २०१९ चा अभ्यास होता, दोन किलोमीटरच्या आत काही ठराविक औषधं फवारली असतील तर १० ते १६ टक्के जास्त. आमच्या डोंगरावरच्या काजूला कोण फवारतोय, पडेल ते बोंड गोळा करायचं आणि भट्टीला न्यायचं. पण भाजीच्या मळ्यात, आणि घरात झुरळांवर जे डोळे झाकून मारतात, ते पोटुशी बाईने तरी मारू नये, नवऱ्याला सांगावं आणि त्या दिवशी माहेरी जावं.

तिरफळ
माहेरी जायला हे कारण चांगलं आहे. हुर्राकाच्या (काजूच्या ताज्या दारूच्या) दिवसांत तर उत्तमच, नवऱ्याचीपण सोय.

आवाज_कमी_करा
मी ऑटिस्टिक आहे, निदान सव्विसाव्या वर्षी झालं, पर्वरीला आयटीत नोकरी करतो. धागा सगळा वाचला. मोगरीताईंचा राग नाही, प्रश्न प्रामाणिक आहे. पण "धोका", "टळला", "वाचला" हे वाचताना मला कसं वाटतं तेवढं सांगतो. फार बरं नाही वाटत. माझ्या आईला एका नातेवाइकाने तोंडावर सांगितलं होतं की तू नोकरी केलीस, पोराला जीव लावला नाहीस. आणि हे काही खेडवळ अडाणीपण नव्हे, अमेरिकेत बेटेलहाइमसारखे नावाजलेले मानसतज्ज्ञ पन्नास-साठच्या दशकांत हेच सांगत, थंड आईमुळे मूल असं होतं म्हणून. आता थंड आईच्या जागी मोबाईल देणारी आई आली आहे.

कारणं शोधा, व्हॅल्प्रोएटचं कळलं ते चांगलंच झालं. पण दिव्यांगांचं पर्पल फेस्ट जानेवारी २०२३ ला पणजीत पहिल्यांदा झालं तेव्हा मी गेलो होतो, शांत बसायची खोली होती, आणि अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या गर्दीच्या कार्यक्रमात मी शेवटपर्यंत थांबलो. वास्कोची हवा सुधारेल तेव्हा सुधारेल, मोगरीताईंच्या मुलाला त्याआधी शाळेत घंटा कमी आवाजाची लागेल.

मोगरी
आवाज_कमी_करा, थँक्यू. घंटेचं बालवाडीत विचारते, प्रेशर कुकरला तर तो घर सोडून पळतो.

सगळ्यांचे आभार. आता खरं सांगा, दुसऱ्या बाळाचं काय? आणि मोबाईल? आणि हो, पॅरासिटामॉलचं कोणीतरी म्हणालं, मी तापात घेतली होती.

ओपीडीनंतर
पॅरासिटामॉल: गर्भारपणात ती टाळा, ऑटिझमशी संबंध आहे, असं सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्पनी व्हाइट हाऊसमधून सांगितलं तेव्हापासून रोज हाच प्रश्न येतोय. स्वीडनमध्ये २४ लाखांवर मुलांचा अभ्यास २०२४ ला आलाय. वरवर थोडा संबंध दिसतो, पण एकाच आईची भावंडं, एकाच्या वेळी गोळी घेतली, दुसऱ्याच्या वेळी नाही, अशी तुलना केली की तो संबंध नाहीसा होतो. उलट गर्भारपणातला चढा ताप अंगावर काढणं वाईट. घेतलीत ते बरं केलंत.

मोबाईल: व्हर्च्युअल ऑटिझम नावाचं कुठलंही मान्य निदान नाही. जास्त स्क्रीन आणि ऑटिझम यांचा संबंध काही अभ्यासांत दिसतो, पण ज्या मुलाला माणसांपेक्षा हलणारं चित्र बरं वाटतं ते मुलगं स्क्रीनकडे जास्त जाणारच, आणि दमलेली आई देणारच. कमी करा, कारण त्या वेळात बोलणं-खेळणं होतं. गुन्हा म्हणून नव्हे.

दुसरं बाळ: एका मुलाला ऑटिझम असेल तर पुढच्या भावंडाला असण्याची शक्यता सध्याच्या अभ्यासांत पाचात एक, मुलगा असेल तर जास्त, मुलगी असेल तर कमी. हे मी लपवणार नाही, कारण घर बदलायचा हिशोब करताना हा आकडा समोर हवा. धुळीने जो काही फरक पडत असेल तो याच्यापुढे लहान आहे. तुमच्या हातात काय? दिवस जाण्याच्या आधीपासून फोलिक अॅसिड. नॉर्वेत ८५ हजार मुलांच्या अभ्यासात ज्या आयांनी ते वेळेत घेतलं त्यांच्यात ऑटिझम ०.१० टक्के, न घेतलेल्यांत ०.२१ निघाला, तो पुरावा पक्का नसला तरी मणक्यासाठी ते घ्यायचंच आहे. साखर, थायरॉइड तपासून घ्या, रुबेलाची प्रतिकारशक्ती बघा, नेहमीच्या गोळ्या असतील तर दाखवा. आणि जमल्यास आधी जेनेटिक सल्ला.

सत्तरीची_सून
आणि मोठ्याचं पण सांगा ना डॉक्टर. आमच्या शाळेतल्या एका आईला घरी व्हिडिओ काढून, तोच दाखवून शिकवायच्या पद्धतीचा फायदा झाला.

ओपीडीनंतर
हो, ती पद्धत गोव्यात तपासलेली आहे. संगाथ या गोव्यातल्या संस्थेच्या लोकांनी गोव्यात आणि पलीकडे रावळपिंडीत मिळून, थेरपिस्ट नसलेल्या साध्या कार्यकर्त्यांना शिकवून ती घरोघर नेली, २०१५ ला लॅन्सेट सायकियाट्रीत आलंय. मूल खेळताना आईचा व्हिडिओ काढायचा, मग आईलाच दाखवायचं की बघ, इथे त्याने तुझ्याकडे वळून बघितलं, इथे तू थांबलीस म्हणून त्याने सुरुवात केली. मुलं स्वतःहून बोलणं सुरू करायला लागली, हा त्यातला खरा फायदा. मोगरीताई, फेरीची फळी ह्यासाठी उत्तम विषय आहे. आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), निरामय योजनेचा एक लाखाचा आरोग्य विमा, ही कामं करून घ्या, रांगा कंटाळवाण्या आहेत पण करा.

एक सावधगिरी. वास्को ते मुंबई कोणीतरी स्टेम सेल किंवा "शरीरातले जड धातू काढून टाकतो" म्हणून लाखांचं पॅकेज देईलच. आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या) २०१७ च्या नियमावलीनुसार ऑटिझमसाठी स्टेम सेल ही संशोधनाबाहेर द्यायची गोष्टच नाही. धातू काढण्याच्या सलाइनने अमेरिकेत २००५ ला पाच वर्षांचा मुलगा गेला.

काजूबोंड
आमच्या ओळखीतल्या एकांनी जमीन विकून असलं पॅकेज घेतलं. जमीन गेली, पोरगं होतं तसंच आहे, गोड आहे.

मोगरी
नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं. मास्तरांच्या गणितावर तो गप्प बसला, राखणदारांवर "बघ!" म्हणाला. ठरलं असं की ह्या वर्षी घर बदलत नाही, थेरपी इथे बसने दहा मिनिटांवर आहे, फोंड्याहून रोजचा अर्धा दिवस जाईल आणि मुलाला नवीन घर झेपायला महिने जातील. दिवस गेलेच तर शेवटचे तीन-चार महिने माहेरी, काणकोणला. कोळशाविरुद्धच्या पुढच्या मोर्चाला मात्र दोघंही जाणार. ग्रहणाच्या भाजीबद्दल सासूबाईंना काही सांगणार नाही, त्या ऐकणार नाहीत आणि मला वेळ नाही.

खाजन_राखणदार
मोर्चाला या, भेटूच. पण माहेरी तीन महिने कशाला, नऊ महिने जा की.

गणित_मास्तर
राखणदार!!

पुण्याचा_पाहुणा
एक शंका. माझं वय ४४, बायको ३८, आम्ही आत्ता विचार करतोय. सगळे आईचंच बोलले. बापाच्या वयाचं काय?

ओपीडीनंतर
बापाच्या वयाचा हिस्सा आहे आणि तो बरा पक्का आहे. आइसलँडच्या २०१२ च्या अभ्यासात बापाच्या वयाच्या दर वर्षामागे बाळाच्या जनुकांत सरासरी दोन नवे बदल जास्त निघाले, ऑटिझमची शक्यता वयाने वाढते त्यामागचं एक कारण हे. तरीही चाळिशीनंतरच्या बापांच्या बहुसंख्य मुलांना ऑटिझम नसतो. घाबरू नका, पण अजून चार वर्षं विचार करत बसू नका.

तिरफळ
पाहुणे, लॉगआउट करा आता.